दिवसाची काच

कागदावर ‘फसाड’ लिहिलंय, इस्राफिल ‘फसाद’ म्हणतो.
मी नुसतं ‘तोंड’ म्हणतो.
नेरूळच्या ह्या वृद्धाश्रमाला नवं तोंड बसवायचंय,
आतली माणसं आतच ठेवून.

आगीची तपासणी झाली, जुने पत्रे नापास झाले.
चटकन पेट घेतात म्हणे.
अकरा वर्षं त्यांच्यामागे माणसं निजत होती.

ड्रिल दहा ते बारा. मग बंद.
सिस्टर शरयू खिडकीत येऊन
दोन्ही तळवे गालाखाली धरते: झोपलेत सगळे.
मग आम्ही पाळण्यात बसून हातानंच स्क्रू आवळतो,
किंवा डबा उघडतो चौथ्या मजल्याच्या उंचीवर.
खाली पाम बीचचा रस्ता, पलीकडे खाडी,
चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ
आणि माझं करावे गाव,
छपरांवरच्या टाक्यांवरून ओळखायचं,
एवढंसं.

चौथा मजला, खाट नंबर सात: वेणूबाई चौलकर.
पनवेलला चाळीस वर्षं ब्लाउज शिवले.
हे कळलं, कारण जुनी काच काढली
आणि नवीचा ट्रक तळोज्याला अडकला.
एक दिवस भिंतीला भोक. जाळी,
फडफडणारं प्लास्टिक, आणि तिचा आवाज:
“आत काय भरताय?”
दगडी लोकर, म्हटलं. आग धरत नाही.
“म्हणजे अस्तर.”
हो, अस्तर.
“आणि हे कडेचं काळं?”
सिलिकॉन. दोन पत्र्यांची शिवण.
तिनं चष्मा वर ढकलला, मान तिरकी केली.
“टीप वाकडी गेलीय. तिसऱ्या बटणापाशी.”

बटण म्हणजे बोल्ट.
मी ओळंबा सोडला.
दोन मिलिमीटर.
इंजिनियर दोनदा बघून गेला होता.

उसवली. पुन्हा घातली,
टेप लावून, श्वास धरून, बोटानं एकाच ओढीत.
ती बघत होती. छान म्हणाली नाही.
जाळीच्या भोकातून एक लिमलेटची गोळी पुढे केली,
कागद आधीच सोललेला.

दुसऱ्या दिवशी काच आली.
निळसर, ऊन परतवून लावणारी.
चार रबरी कपांनी धरून आम्ही ती खालून वर आणली:
आधी तिचे पाय गेले, मग चादर,
मग चष्मा.
राहिलो मी. डोक्यावर हेल्मेट, ओठांत पेन्सिल,
मागे अख्खी खाडी.

त्याला बारा दिवस झाले.
येता-जाता सातव्या खाटेसमोर
काचेला हात करतो.
माझाच हात मला हात करतो.
“अंदर कौन है रे तेरा?” इस्राफिल विचारतो.
सांगता येत नाही.
शिवण मात्र आता सगळीकडे सरळ घालतो,
मागच्या बाजूला, जिथे नुसती फिनेलची खोली आहे,
तिथेसुद्धा.

काल पाळणा उतरवायला उशीर झाला.
रस्त्यावर येऊन वर पाहिलं.
आत दिवे लागले होते
आणि काच फिरली होती.
सगळं दिसत होतं: सलाईनचा दांडा,
मागच्या महिन्यावरच थांबलेलं कॅलेंडर,
गोळ्यांच्या वाट्या घेऊन फिरणारी शरयू,
खिडकीशी खुर्चीत वेणूबाई.
मी हात केला. मग दोन्ही हात केले,
बस थांबवायची असल्यासारखे.

तिच्या बाजूनं आता आरसा.
दातांत आकडे धरून ती केस विंचरत होती,
भांग नाकाच्या रेषेत आणत होती,
घाई नव्हती.
मग फणी मांडीवर ठेवली
आणि अंगठा काचेच्या कडेवर टेकवून
खालून वर नेला,
हळू,
टीप तपासतात तसा.